स्टार्ट दाबण्याआधीच्या चार जागा

मंगळवारी सकाळी आमच्या वसई पूर्वेच्या वर्कशॉपमध्ये एक गोष्ट घडली. चार दिवस झाले, डोक्यातून जात नाहीये... म्हणून लिहितोय. सीएनसी मिलिंग मशीन सेट करायला नव्याने शिकणाऱ्यांनी जरूर वाचा, आणि माझ्यासारख्या जुन्यांनी तर त्याहून जरूर.

आमच्याकडे स्नेहल नावाची मुलगी शिकतेय. आयटीआय झालेली, चांदीपहून दोन गाड्या बदलून येते. तीन महिने तयार माल मोजायच्या, इन्स्पेक्शनच्या टेबलावर काढल्यावर मंगळवारी तिला पहिल्यांदा एकटीने जॉब, म्हणजे कापायचा धातूचा तुकडा, मशीनवर सेट करायचा होता. शेठ स्वतः बघायला उभे राहणार होते... जमलं तर मशीन तिचं, नाही तर परत टेबल. टेबलावर गेलेला माणूस आमच्याकडे सहसा परत मशीनवर येत नाही.

आता थोडं मागे जातो. मी शिकलो ते इनास काकांच्या हाताखाली. आगाशीकडच्या एका वाडीतले, आमच्या कारखान्यातले सगळ्यात जुने सेटर. नवीन जॉबचं स्टार्ट बटण दाबण्याआधी ते क्रूसाची खूण करायचे. कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा... अगदी सावकाश.

मला वाटायचं, काका भाविक आहेत. म्हणून मीही मशीनला नमस्कार करून बटण दाबायला लागलो. एकदा नमस्कार झाला, बटण दाबलं आणि कटर सरळ जॉब पकडणाऱ्या वाइसमध्ये घुसला. वाइस सैलच होता... जॉब उडून दरवाजाच्या काचेवर आदळला. काच होती म्हणून हे लिहायला मी आहे.

काका ओरडले नाहीत. मला बाजूला बसवून पाणी दिलं आणि म्हणाले, "अरे, मी देवाचं नाव घेतो ते खरं. पण प्रत्येक जागेला थांबून बघतो. कपाळाला टूलची लांबी, मशीनला सांगितलीय तेवढीच आहे का. छातीला जॉबचा झीरो, मोजणी जिथून सुरू होते ती जागा. डाव्या खांद्याला वाइस आवळलाय का. उजव्या खांद्याला स्पीड कमी केलाय का, आणि बोट थांबवायच्या बटणावर आहे का. तू तुझ्या देवाचं नाव घे रे बाबा... पण चार वेळा थांब."

तेव्हापासून मी दरवाजाच्या काचेवर बोटाने चार वेळा टकटक करतो. हाताखाली आलेल्या प्रत्येकाला हेच शिकवलं. स्नेहललाही.

तर मंगळवार. टूल्स, म्हणजे सगळे कटर, मी आदल्या दिवशीच लावून ठेवली होती, तिने फक्त जॉब सेट करायचा होता. वाइसला मोजायचा डायल लावून सरळ केला, झीरो घेतला... काम स्वच्छ. मग काचेवर पहिली टकटक केली आणि थांबली. एकेक टूल फिरत्या दांड्याला, स्पिंडलला, बोलावून बघायला लागली.

शेठ घड्याळ बघायला लागले. मला अवघडल्यासारखं झालं... माझी शिकाऊ मुलगी, आणि एवढा वेळ! मी म्हणालो, "अगं, टूल्स मी बघितलीयत. मार स्टार्ट."

तिने नाही मारला. मान खाली घालून उभी राहिली. "हिला अजून वेळ लागेल," म्हणत शेठ वळलेसुद्धा. तेव्हा ती हळूच म्हणाली, "दादा, पन हा चार नंबरचा कटर कालच्यापेक्षा लांब दिसतोय..."

मी वाकून कटर बघितला. आदल्या संध्याकाळी चार नंबरचा कटर तुटला होता. मीच नवीन लावला, घाईत, आणि त्याची लांबी मशीनला सांगायचीच राहिली. मशीनच्या हिशेबात जुनाच कटर. नवा तब्बल बारा मिलिमीटर लांब. तिने माझं ऐकलं असतं तर तो फुल स्पीडने जॉबमध्ये गेला असता... आणि बटणावर बोट तिचं असतं.

खरं सांगतो, क्षणभर गप्प राहावंसं वाटलं. गुपचूप लांबी टाकली असती तर कोणाला कळलंही नसतं. शेठ दारापर्यंत पोचले होते. ती माझ्याकडे बघत होती.

मग मी हाक मारली. "शेठ, चूक माझी आहे. हिने मशीन वाचवलं."

शेठ परत आले, कटर बघितला. तिला विचारलं, "तुला थांबायला कोणी शिकवलं?"

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "दादांनी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. टकटक तर मी आदल्या संध्याकाळी कटर लावल्यावरही केली होती... बोट फिरत होतं, नजर फिरत नव्हती. इतक्या वर्षांत थांबून बघायची सवय कधी सुटली, मला कळलंच नाही.

लांबी टाकून तिने परत पहिल्यापासून चारही जागा बघितल्या. शेठ पूर्ण वेळ उभे राहिले. मशीन आता तिच्याकडे आहे.

संध्याकाळी आगाशीला उतरून काकांकडे गेलो. आता थकलेत, डोळ्यांनी कमी दिसतं, चाफ्याला पाणी घालत होते. सगळं सांगितलं, माझं 'मार स्टार्ट' म्हणणंसुद्धा. काकांनी पाण्याचा डबा खाली ठेवला. मग एवढंच म्हणाले, "ती थांबली ना? मग तुझं शिकवणं चांगलं होतं. उद्यापासून तिच्याकडून शीक."

नव्याने शिकणाऱ्यांनो, उस्ताद घाई करत असला तरी थांबा. बुधवारी सकाळी मी स्नेहलच्या मशीनशेजारी उभा राहिलो आणि तिच्याबरोबर पहिल्या जागेपासून बघायला सुरुवात केली. काका, स्नेहल... दोघांचे आभार.