पीण्याच्या गेस्ट अक्का

आमच्या गेस्ट अक्कांनी वर्गात पाढे म्हणायला सुरुवात केली, की शेजारच्या कारखान्यातली लेथ मशिनं लाजून बंद पडत. खोटं वाटत असेल तर बंगळूरच्या पीण्यात, आमच्या कारखान्यांच्या वस्तीत, येऊन विचारा. कारखान्याचा मालक तक्रार घेऊन दोनदा आला. दुसऱ्यांदा आला तो सतराचा पाढा पाठ करूनच परत गेला.

अक्कांना आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण सरकारी शाळेतल्या अतिथी, म्हणजे गेस्ट, शिक्षकाला नाव हवंय कशाला? जूनमध्ये घ्यायचं, मार्च संपता संपता मोकळं करायचं. असे अकरा जून त्यांनी काढले. त्या आमच्यातल्याच, बंगळूरच्या जुन्या मराठी घरातल्या. म्हणायच्या, "मास्तरण्णा, आमचं घराणं चारशे वर्षं या गावात कायम आहे. कायम नाही ती फक्त मी, या शाळेत."

दोन शिक्षकांची शाळा. एक मी, कायम नोकरीतला. दुसरी जागा रिकामी, तिच्यावर अक्का. शाळेच्या कपाटात त्यांनी कधी सुईसुद्धा ठेवली नाही. खडू, गोष्टींची पुस्तकं, पोरींच्या वेण्यांसाठी कंगवा, सगळं एका पिशवीत. ती पिशवी उचलायला क्रेन मागवावी लागे. "अहो, कपाटात ठेवा की," मी म्हणे. "जूनमध्ये हे कपाट माझंच असेल, अशी चिठ्ठी देता?"

मग पट घसरला. पोरं अशीच कमी झाली तर शाळा हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन होणार, असं पत्र आलं. अक्कांनी पदर खोचला. रोज जेवणाच्या सुट्टीत त्या कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांवर धाड घालू लागल्या. रायचूर झालं, ओडिशा झालं, अर्धा बिहार त्यांनी आमच्या दोन खोल्यांत आणून बसवला. आयांची तक्रार एकच: तुमच्या शाळेत मास्तर टिकत नाहीत. अक्का प्रत्येकीला तिच्या भाषेत एकच सांगत, "मी आहे ना!"

शाळा वाचली. माझ्या खुर्चीवर दोन पोरं बसू लागली आणि मी उभ्या उभ्या निवृत्तीकडे सरकू लागलो. पण वाचलेल्या शाळेची रिकामी जागा बदल्यांच्या यादीत लागली. मी धास्तावलो. अक्का हसल्या. "या गल्लीत कोण मरायला येतंय? लोखंडाचा कीस चपलेत शिरतो." मलाही पटलं. आजवर बदलीवाले पीण्याचं नाव वाचून पुढेच सरकत आले होते.

ऑगस्टमध्ये हुकूम घेऊन एक तरुण बाई दारात उभ्या राहिल्या. "राजाजीनगरहून थेट मेट्रो आहे, सर. पुढे स्वल्प चाललं की झालं." आम्ही दोघांनी गल्ली पाहिली होती, डोक्यावरून जाणारी मेट्रो नाही. त्या बाईंना तरी काय बोलावं? तान्हं मूल सासूकडे ठेवून त्यांनी सहा वर्षं परजिल्ह्यात काढली होती.

कायम शिक्षक रुजू झाला की अतिथी त्याच दिवशी मोकळा, असा नियम. अक्का वजाबाकी शिकवत होत्या. इथून पुढे मी तिखटमीठ लावत नाही. त्यांनी गणित पुरं केलं, हात पुसले आणि नव्या बाईंना पोरं दाखवली. "रेणुकाला पुढे बसवा, लांबचं दिसत नाही. हा सकाळी रडतो, समजावू नका, आपोआप थांबतो." सही केली. पिशवी उचलली, तर रेणुका दार अडवून उभी. "अक्का, 'मी आहे ना', असं आईला म्हणाला होतात!"

तिला हलकेच बाजूला करून अक्का निघून गेल्या. पुढच्या आठवड्यात रेणुका यायची बंद झाली. मग आणखी तिघं.

या मार्चमध्ये मी निवृत्त झालो. माझी जागा रिकामी. बदल्यांची यादी लागली, पण ती जागा कोणी घेतली नाही. मी घाईघाईनं अक्कांना फोन लावला. त्या कपड्यांच्या कारखान्यात शिवण तपासायला लागल्यात.

"अक्का, अर्ज टाका! जागा तुमचीच!"

"सरी, ठीक आहे, मास्तरण्णा. फोन केलात, बरं वाटलं. पण नको."

"अहो, तिथे तरी कायम आहात का?"

"कुठली हो! इथूनही काढतील. पण काढतील तेव्हा दारात उभं राहून विचारणारं कोणी नसेल."