आजीची विळी टेबलावर चढली त्याची गोष्ट

गेल्या रविवारी आमच्या करावे गावातल्या घरी, सकाळीच, स्वयंपाकघरात एक प्रयोग झाला. प्रयोग करणारी माझी नववीतली लेक तन्वी, आणि जिच्यावर प्रयोग झाला ती तिची आजी, म्हणजे माझ्या सासूबाई.

तन्वीच्या शाळेत डिझाइन अँड टेक्नॉलॉजी नावाचा विषय आहे. खरं सांगते, मला तो पुठ्ठे कापण्याचा आणि घरभर गोंद सांडण्याचा विषय वाटायचा. यंदा सरांनी प्रोजेक्ट दिला... घरातल्या एका माणसाची खरी अडचण शोधा आणि त्यावर काहीतरी बनवा.

अडचण शोधायला लांब जावं लागलं नाही. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टरांनी जमिनीवर बसायला सक्त मनाई केलीये. जमिनीवर बसायचं नाही म्हणजे विळीवर बसायचं नाही, आणि मग मासेही कापायचे नाहीत!

खाडीकाठच्या घरात जन्म गेलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे काय, ते मला कळलंच नव्हतं. मी पडले साताऱ्याची. मटण झकास करते, पण मी कापलेल्या सुरमईचे तुकडे बघून आई नुसती मान फिरवायच्या. सुरीने कापणं त्यांना कधी जमलंच नाही.

शेवटी मी मार्केटमधूनच मासे कापून आणायला लागले. आई काही बोलल्या नाहीत... आणि तेच वाईट होतं. ताटात अर्धा तुकडा तसाच राहायचा. घरात काय शिजतंय याची चौकशीसुद्धा त्यांनी सोडून दिली.

तर तन्वीने ठरवलं, आजीने खुर्चीवर बसून मासे कापायचे. आधी मोबाइलचं रेकॉर्डिंग लावून रीतसर मुलाखत घेतली. आजी, तू विळीवर कापताना काय काय करतेस?

"बसाचा नि कापाचा. त्यान काय सांगाचा हाय?"

मुलाखत संपली.

मग प्लायवूडचं टेबल तयार झालं. आजीच्या कोपरापर्यंतची उंची मोजून. वर विळीचा पाट बसेल अशी चौकट, तिच्यात रबराची शीट, पाणी वाहून जायला थोडा उतार... मी तर फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकूनही मोकळी झाले.

रविवारी आई पदर खोचून खुर्चीवर बसल्या. पापलेट आरामात कापलं गेलं. मग सुरमई घेतली, जरा जोर लावला आणि विळी चौकटीतून उचलली जाऊन पुढे कलंडली. आईंनी हात वेळीच मागे घेतला म्हणून निभावलं.

"राहू दे पोरी. नको मना," म्हणत आई उठायला लागल्या. आवाज अगदी शांत होता... पण मला कळलं, आता त्या परत कधी विळी हातात घेणार नाहीत. तन्वीलाही ते कळलं असावं. दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं, पण ती त्याबद्दल चकार शब्द बोलली नाही.

तिने विळी काढून खाली जमिनीवर ठेवली आणि मला म्हणाली, "आई, तू बस. तू काप." बाईसाहेबांची ऑर्डर! मी बसले आणि माझ्या पद्धतीने त्या सुरमईची वाट लावू लागले. तन्वी समोर उकिडवी बसून माझ्या हातांकडे नाही, पायाकडे बघत होती.

माझा उजवा पाय विळीच्या पाटावर घट्ट रोवलेला होता. विळी हलत नाही ती त्या पायामुळे! आई आणि मी इतकी वर्षं विळीवर बसलो, पण पाय काही काम करतो हे कधी लक्षातच आलं नव्हतं. मुलाखतीत ते येणार तरी कुठून?

दुपारी तन्वी आणि तिच्या बाबांनी पाट नट-बोल्टने टेबलाला पक्का केला. विळी आता तसूभर हलेना. तरी आईंचं काही जमेना. तुकडे वाकडे येत होते, त्या वैतागत होत्या... आणि टेबलाखाली त्यांचा उजवा पाय फरशीवर नुसता इकडेतिकडे सरकत होता.

तन्वीने उरलेल्या प्लायची एक फळी त्या पायाखाली तिरकी सरकवली. आईंनी पाय दाबला, सुरमई उचलली... आणि सरळ, एकसारखे तुकडे पडायला लागले. आई मान वर न करता कापतच राहिल्या.

सोमवारी टेबल शाळेत गेलं. सरांनी म्हणे विचारलं, ही खालची फळी कशालाच जोडलेली नाही, मग तिचं काम काय? तन्वीने सांगितलं, "सर, ती नसली तर आजीला कापल्यासारखंच वाटत नाही." सर हसले आणि म्हणाले, रिपोर्टमध्ये हे आधी लिही, उंचीबिंची नंतर.

त्या संध्याकाळी मी बेलापूरच्या ऑफिसमधून घरी आले, तर टेबल माझ्याआधी पोचलेलं. आई खुर्चीवर, समोर बोंबलांची रास, हात भरभर चाललेले. मी चप्पल काढते न काढते तोच त्यांनी तोफ डागली.

"काल कालवनान पानीच पानी! मना इचाराला काय झालं व्हतं?"

कितीतरी महिन्यांनी त्या मला ओरडत होत्या. मीठ, कोकम, माझं माहेर... सगळ्याचा हिशोब झाला. मी पर्स खांद्याला तशीच ठेवून दारात उभी राहून ऐकत होते आणि डोळ्यांतलं पाणी काही थांबत नव्हतं.

तन्वीचे सर ही पोस्ट वाचत असतील तर... सर, तुमच्या विषयामुळे मला सासूबाईंची मनसोक्त बोलणी बसली. मनापासून आभार.