ओली चिंधी

अर्धांगवायूने ह्यांचा उजवा हात गेला, तेव्हापासून खामगावचं आमचं गॅरेज मी चालवते. हे दाराशी खुर्चीवर बसून बघतात. लॅपटॉपवर इंजिनाचं सेटिंग करायचं मी शिकले. ह्यांना त्यात कधी गोडी नव्हती.

एका मंगळवारी संग्रामपूरकडचा व्हॅनवाला आला. बायकोला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला इथल्या दवाखान्यात आणायचा. गाडी उभी असली की रेस वर-खाली व्हायची आणि इंजिन बंद पडायचं. त्या व्हॅनला सेटिंग बदलता येणारा कॉम्प्युटर मीच बसवला होता. सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर धुरात हवा किती उरली ते सांगतो. हवा जास्त दिसली की कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो, कमी दिसली की घटवतो. इथे सेन्सर सारखी हवाच दाखवत होता आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवून थकला होता. म्हणून मी पेट्रोलचा मूळ आकडाच वाढवला.

"पेट्रोलचा वास येऊन राह्यला, अन् तू अजून पेट्रोल देऊन राह्यली?" हे म्हणाले.

"सेन्सर म्हणतो, पेट्रोल कमी आहे."

"सेन्सरले नाक असते का? चिंधी लाव आधी."

ही ह्यांची जुनी रीत. चालू गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडावर ओली चिंधी दाबून धूर कोंडायचा आणि नळी कुठे फुसफुसते ते ऐकायचं. मी म्हटलं, चिंधीचे दिवस गेले. इंजिन तासभर बरं चाललं. व्हॅनवाल्याला म्हटलं, "न्या, उद्या काळजी नाही."

बुधवारी जळंबच्या अलीकडे व्हॅन बंद पडली, बायको आत. ट्रॅक्टरने ओढत आणली तोवर मशीनवरची तिची पाळी गेली होती. दवाखान्याने शुक्रवारी या म्हणून सांगितलं. ती आमच्या बाकावर बसली. पाय सुजून चकाकत होते.

प्लग काढले, जादा पेट्रोलच्या काजळीने काळे झाले होते. साफ करून लावले, गाडी चालू केली. ह्यांच्याकडे न बघता चिंधी भिजवली आणि दाबली. इंजिनाला नळी जोडते तिथेच, सेन्सरच्या आधी, फुसफुस आली. जोडातलं गॅस्केट फाटलं होतं. एरवी त्याच फटीतून बाहेरची हवा नळीत ओढली जात होती आणि सेन्सर तीच मोजत होता. त्याची काही चूक नव्हती.

गॅस्केट बदललं, आकडा पूर्वीचा केला. इंजिन शांत चाललं.

"हे कालच काऊन नाही सापडलं, ताई?" बाईने विचारलं.

"कालच हे सांगत होते. मी ऐकलं नाही."

ती बाकावरून उठली. चपला पायात जाईनात, तेव्हा हातात घेऊन गाडीत बसली.

शुक्रवारी सकाळी व्हॅन वेळेवर आमच्या दारावरून गेली. व्हॅनवाल्याने हॉर्न दिला. ह्यांनी डावा हात वर केला. मी केला नाही.