बाबांनी आधीच मानलेले आभार

माझे वडील पटाच्या माइकवर बोलायचे. पट म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. धान निघालं की आमच्या लाखनीकडे गावोगाव पट भरतात, आणि पटात बैलांइतकाच भाव माइकवाल्याला असतो. बाबांना त्यातून फार काही मिळत नसे. जेवण, नारळ आणि मान, एवढंच. पण आवाज असा, की रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसलेला माणूसही कुठली जोडी सुटली ते सांगू शके. घरी मात्र आईपुढे त्यांचं काही चालायचं नाही. "माइक नसला का या माणसाची वाचा बसते," असं आई चारचौघांत म्हणायची. थट्टेनं म्हणायची.

त्यांचा एक नियम होता. पहिली जोडी सुटायच्या आधी ते सगळ्यांचे आभार मानत. ज्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पट भरला तो शेतकरी, मंडपवाला, पाण्याचा टँकर देणारा, झाडून सगळे. बाकी जगात आभार कार्यक्रमाच्या शेवटी असतात, मग तुमचे आधी का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "शेवटी कोन आयकते, बाई? जिकला तो नाचत जाते, हारला तो भांडत जाते. आभार आधी, जोडी मंग." मला ते पटलं होतं. माझ्या लग्नात तर त्यांनी वरात यायच्या आधीच वऱ्हाड्यांचे आभार मानले होते, त्यावरून माझे सासरे बरेच दिवस फुगून होते.

मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहते. नवरा फॅक्टरीत. त्याच्या नोकरीमुळे माझी, मुलांची दवाखान्याची सोय आहे, पण लग्न झालेल्या लेकीचा बाप त्या सोयीत बसत नाही. बाबांकडे पिवळं रेशनकार्ड होतं आणि त्या कार्डावर गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना होती. जिभेच्या कडेला बरी न होणारी जखम दिसली आणि तपासणीत कॅन्सर निघाला, तेव्हा हीच योजना धावून आली. खर्ऱ्याचा प्रताप, म्हणजे तंबाखू-सुपारी पन्नीत चोळून खायच्या सवयीचा. तो खर्रा सोडा म्हणून मी त्यांच्याशी जितकी भांडले तितकी नवऱ्याशीही भांडले नसेन. ते हसायचे आणि पन्नी चोळत राहायचे. आता रागावूनही उपयोग नव्हता.

योजनेला मी नावं ठेवणार नाही. एका खासगी रुग्णालयात कार्ड दाखवलं, कागद झाले, मंजुरी आली आणि बाबा भरती झाले. ज्या घरात एक म्हैस विकायची तर चार रात्री चर्चा चालते, त्या घरातल्या माणसाचं एवढं मोठं ऑपरेशन होणार होतं. आई तर काउंटरवरच्या पोरीला हात जोडून आली. भरतीच्या दिवशी मी सगळ्यांसाठी चहा आणायला खाली गेले आणि परत आले तर बाबा बाकावर मिशीला पीळ देत बसलेले.

"माही शूटिंग झाली," ते म्हणाले.

"कसली शूटिंग?"

"मोबाइलवर. दोन शब्द बोला म्हने दवाखान्याबद्दल. म्या मस्त बोल्लो."

मी हसले. म्हटलं, तुम्हाला काय, कोणी ताटलीवर चमचा वाजवला तरी तुम्ही दोन शब्द बोलाल. आणि विसरून गेले.

ऑपरेशनमध्ये जीभ मुळापासून काढावी लागली. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, सही पण घेतली होती, पण सांगणं वेगळं आणि बघणं वेगळं. बाबांची मिशी गेली, जबड्याखाली टाके आले, नाकात नळी आली. बोलणं संपलं. घशातून जो आवाज निघे तो आम्हाला ऐकवत नसे आणि त्यांनाही, म्हणून ते तोंडाभोवती गमछा गुंडाळून गप्प बसू लागले. आईनं त्या दिवसापासून ती जुनी थट्टा परत कधी केली नाही.

डॉक्टर भला माणूस होता. टाके सुकले की लगेच लाइट द्यायची, असं त्यानं बजावून सांगितलं. लाइट म्हणजे किरणांचा शेक. ती दिली नाही किंवा उशीर केला, तर आजार गळ्यात उतरेल, आणि मग आपल्या हातात काही राहणार नाही, हे त्याचेच शब्द. लाइटचं मशीन त्या रुग्णालयात नव्हतं, दुसरीकडे जायचं होतं. आम्ही दुसरीकडे गेलो. तिथल्या माणसानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाला, यांचे उपचार पूर्ण झाले, रुग्ण समाधानी होऊन घरी गेला, असं आधीच्या रुग्णालयानं कळवलंय. ते बदलत नाही तोवर योजनेतून मंजुरी मिळणार नाही.

मग सुरू झाली आमची टोलवाटोलवी. हे म्हणत तिकडे जा, ते म्हणत वर विचारा. टाके तर कधीच सुकले होते. रोज सकाळी आई टॉर्च घेऊन बाबांचा गळा बघायची आणि मला फोन करून सांगायची, "आज काई दिसत नाही." ते "आज" दिवसभर माझ्या कानात राहायचं.

शेवटी कळलं की भंडाऱ्याला योजनेची जनसुनावणी आहे. कार्डधारकांनी यायचं, रुग्णालयांच्या माणसांसमोर तक्रार सांगायची, अधिकारी आणि गावागावांतले काही सदस्य ऐकून तिथेच निर्णय देणार. मला फारसा भरवसा नव्हता. अशा सभेत निम्मा वेळ सत्कारात जातो आणि उरलेला माइक नीट करण्यात. पण आई म्हणाली, "जाऊन तं पाहू. लाइट काई घरी चालत येनार नाही."

सभागृह भरलं होतं. धानाची कामं सोडून आलेली माणसं, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया, पिशव्यांत एक्स-रेची पाकिटं. बाबा आमच्या मध्ये बसले, गमछा डोळ्यांखालपर्यंत ओढून. आमची पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि सांगितलं, की उपचार अर्धे राहिलेत, लाइट बाकी आहे, आणि रुग्णालय म्हणतं पूर्ण झाले. रुग्णालयाचा माणूस उठला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात लॅपटॉप. भांडखोर मुळीच नव्हता, उलट फार नम्र होता.

"साहेब, रुग्णाचे उपचार पूर्ण झालेले आहेत," तो म्हणाला. "डिस्चार्जच्या वेळचा त्यांचा स्वतःचा व्हिडिओ आहे. तुम्हीच बघा."

समोरच्या पडद्यावर बाबा आले. मिशीसकट. आणि सभागृहाच्या सगळ्या भोंग्यांतून त्यांचा आवाज आला.

"नमस्कार मंडळी! या दवाखान्यात माहा विलाज एकदम मस्त झाला. येक रुपया लागला नाही. मी आता ठनठनीत हावो. डॉक्टरसाहेब, सिस्टरबाई, झाडूवाली बाई, आनं आपलं मायबाप सरकार, सर्वायचे आभारी हावो!"

 मी तो आवाज परत ऐकेन असं मला वाटलंच नव्हतं. त्या आवाजाच्या अंगाखांद्यावर खेळत मी मोठी झाले होते, आणि इतक्या दिवसांनी तो आला तो आमच्याच विरुद्ध साक्ष द्यायला. आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मी बाबांकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत होते. गमछ्याच्या वर फक्त डोळे, आणि ते डोळे मी याआधी कधी पाहिले नव्हते.

मागच्या रांगेतून कुजबुज झाली. "हे तं पटावाले बुढे होय ना?" लोकांनी आवाज ओळखला होता. अधिकारी प्रसन्न झाले. "वा! छान बोलतात हे. आलेत का आज?"

"घरी असतील, सर. बरे झालेत ते," पांढरा शर्ट म्हणाला.

"हे काय बसले," आई म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. अधिकारी हसून म्हणाले, "अरे वा. द्या बरं त्यांना माइक. तुम्हीच सांगा बाबा, काय ते."

मी अडवायला हवं होतं, पण मला सुचलंच नाही. कोणीतरी माइक आणून बाबांच्या हातात दिला. आणि बाबांनी तो घेतला. आयुष्यभर घेत आले तसाच घेतला. बोटानं त्यावर दोनदा टकटक केलं, चालू आहे ना ते बघायला. उभे राहिले. गमछा खाली केला आणि माइक तोंडाजवळ नेला.

जे भोंग्यांतून आलं, त्याला मी शब्द देणार नाही. एक लेकरू रडायला लागलं. अधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं, ते मिटवायचंही त्यांना भान राहिलं नाही. बाबांनी माइक खाली केला आणि आईकडे बघितलं.

"जीभ काढली साहेब त्यायची," आई म्हणाली. माइक नव्हता तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "मंग घरी येताना बोल्ले कोन?"

 मी उठले आणि जे तोंडात आलं ते बोलले. त्यातलं सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. आईच म्हणाली, "तू काहून ओरडून राहिली? सायबायले बोलू दे." मग अधिकाऱ्यांनी पांढऱ्या शर्टाला विचारलं, हा व्हिडिओ नक्की कधीचा?

त्यानं लॅपटॉपमध्ये बघितलं, परत बाबांकडे बघितलं. बाबा कोण आहेत हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं, आणि व्हिडिओतला माणूस आणि हा माणूस एकच, हे त्याच्या आत्ता कुठे ध्यानात येत होतं. तो हळूच म्हणाला, "भरतीच्या दिवशीचा असेल, सर. आम्ही सगळ्यांचाच तेव्हाच घेतो. डिस्चार्जच्या दिवशी पेशंट बोलायच्या स्थितीत नसतात, नातेवाइकांना घाई असते. आधी घेऊन ठेवलेलं बरं पडतं."

सगळ्यांचाच. इतक्या साधेपणानं म्हणाला तो, जणू चपला बाहेर काढायला सांगतो आहे. मी हादरले ती यानं. आम्हाला फसवायला कोणी डाव रचला असता तर मला कळलं असतं, मी त्याच्याशी भांडले असते. इथे डाव नव्हता, सोय होती. सभागृहात एक म्हातारी आपल्या मुलाला विचारत होती, "माहाबी घेतला होता ना रे?" तिकडून अजून कोणी म्हणालं, "माहाबी." आणि मग जिकडे बघावं तिकडे माणसं एकमेकांना तेच विचारायला लागली, आणि आपण काय काय बोललो होतो ते आठवायला लागली.

मला बाबांची शूटिंग आठवली. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, कारण जोडी सुटायच्या आधी आभार मानायची त्यांची रीतच होती. ठणठणीत आहे म्हणा, असं कोणी म्हटलं असेल, तर तेही त्यांनी म्हटलं. पटातही हरणाऱ्या बैलाला ते वाघ म्हणायचे.

सदस्यांनी डोकी एकत्र केली. मग अधिकाऱ्यांनी उभं राहून सांगितलं, की उपचार पूर्ण ही नोंद आजच रद्द होईल, लाइटची मंजुरी ते स्वतः मागतील, आणि भरतीच्या वेळी घेतलेला एकही व्हिडिओ यापुढे पुरावा धरणार नाहीत. बोलताना त्यांनी एकदाही पडद्याकडे बघितलं नाही. मला वाटतं तो माणूसही घाबरला होता. आईनं दोनदा विचारून घेतलं, "लाइट भेटेल ना? नक्की ना?"

तोवर जेवणाची वेळ झाली होती. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी सवयीनं कागद उचलला आणि म्हणाल्या, "या सत्राच्या शेवटी, सर्व लाभार्थ्यांच्या वतीनं मी आभार—"

बाबा उठले. हात वर केला, पंजा उघडा, बोटं ताठ. पटात जोडी तयार नसली की ते असा हात करायचे, आणि मग कितीही माजलेले बैल असले तरी जोडी हाकणारा धुरकरी कासरा ओढून धरायचा. बाई थांबल्या. बाबांनी तो हात खाली घेतलाच नाही. सगळे आईकडे बघायला लागले, कारण आता त्यांचं बोलणं तिच्याकडूनच यायचं.

"ते म्हनून राहिले," आई म्हणाली, "लाइट आधी होऊ द्या. आभार मंग."

बाईंनी कागद घडी करून ठेवला. लोक उठले. बाबांनी माइक टेबलावर नेऊन ठेवला, त्याचं बटण बंद केलं, गमछा गुंडाळला, आणि आम्ही लाखनीची एसटी धरायला निघालो.