पंधराव्या दिवशी पावणेपाच वाजता

आमच्या आतोबांइतका मुदत पाळणारा माणूस अख्ख्या निमाडात झाला नाही, आणि झाला असेल तर तो वेळेत पुढे आला नाही. देवाला, सरकारला, फार काय आमच्या आत्यालासुद्धा ते भीत नसत. भीत ते फक्त तारखेला. बुऱ्हाणपूरच्या तहसील कचेरीसमोर कडुनिंबाखाली एक लाकडी पेटी मांडून ते लोकांचे अर्ज लिहीत. गाव त्यांना मुन्शीजी म्हणे. कोणी रडत-ओरडत आला की ते आधी विचारत, "कधी झालं?" काय झालं, हा प्रश्न नंतरचा. तारीख मुदतीच्या मागची निघाली तर दौत बंद करून म्हणत, "घरी जा. तुझ्यावर अन्याय झालाच नाही." आणि तो माणूस खरंच उठून घरी जायचा हो!

घरातही हाच कायदा. आमटी खारट झाली तर ती तक्रार पहिल्या भाताला करायची. मी एकदा ताकभात कालवताना बोलून गेलो, तर पानावरून मान वर न करता म्हणाले, "दोनदा वाढून घेतलीस, म्हणजे मान्य केलीस." त्यांच्या मुलीच्या लग्नानंतर सहाव्या दिवशी व्याही रुसून आले. वरमाईला पाय धुवायला पाणी गार दिलं म्हणे. सगळ्या घराचं धाबं दणाणलेलं, आत्याने तर नवं लुगडं काढून ठेवलेलं. आतोबांनी व्याह्यांना पाट दिला, गूळ-पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं, "मांडव उतरल्यावर मानपानाच्या हरकती घेतल्या जात नाहीत." व्याही इतके गांगरले की चहा पिऊन, उलट आतोबांनाच नमस्कार करून गेले. आत्या एकदा वैतागून म्हणाली, "माझ्या बापाने तुम्हाला पसंत केलं तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं." आतोबा म्हणाले, "हवं होतं खरं. आता काही उपयोग नाही."

पण त्यांचं खरं राज्य चाले ते टेंडरांच्या भांडणात. सरकारला शाळेची बाकं हवीत, गोदामाला पोती हवीत, कचेरीला माठ हवेत, की बुधवारा पेठेतले व्यापारी टेंडर भरत आणि ज्याला काम मिळालं नाही तो थेट कडुनिंबाखाली येई. निकालाचा कागद हाती पडल्यापासून पंधरा दिवसांत हरकत वरच्या कचेरीत पोचली पाहिजे, असा नियम. टपालात टाकली म्हणून चालत नसे, टेबलावर पोचली पाहिजे. सरकारला मात्र असली काही अडचण नव्हती. ठेकेदाराने पंधरा दिवसांत रडायचं आणि सरकारने सवड होईल तेव्हा ऐकायचं, असा सरळ व्यवहार. दुसरा कोणी असता तर अर्ज तिसऱ्या दिवशी देऊन मोकळा झाला असता. आतोबा पंधराव्या दिवशी पावणेपाचला देत. "पहिल्या दिवशी येतो तो रागावलेला असतो, शेवटच्या दिवशी येतो तो तयार असतो," असं त्यांचं म्हणणं. समोरच्याला उत्तर शोधायला वेळच मिळत नसे. बाकांच्या ठेकेदाराला त्यांनी असंच दिवसभर कचेरीच्या ओट्यावर बसवून शेंगा खायला लावल्या. तो घामाने भिजला होता आणि हे टरफलं गोळा करत होते. निकाल मात्र त्याच्या बाजूने लागला! त्यानंतर आतोबांची शान काय विचारता!

अशात नवं राज्य झालं आणि राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. आतोबांना हा स्वतःचा अपमान वाटला. नागपूरचा एकूणएक कारकून त्यांच्या ओळखीचा, आणि भोपाळात कोण? "राजधानी हलवण्याआधी हरकती मागवायला नकोत? निदान पंधरा दिवस?" असं ते महिनाभर रस्त्यात भेटेल त्याला विचारत होते. तिकडे फायली पेट्यांत बांधून रेल्वेने निघाल्या. खुर्च्या एका गाडीने गेल्या, साहेब दुसऱ्या गाडीने. सगळं बदललं, पण पंधरा दिवसांचा नियम तसाच राहिला.

त्याच सुमारास इतवारा पेठेतल्या विणकर सोसायटीचं प्रकरण निघालं. मी तिथे सहा महिन्यांपूर्वी कारकून म्हणून लागलो होतो. आत्यानेच शब्द टाकला होता. सरकारी दवाखान्यांना चादरी पुरवायच्या होत्या. आमच्या सोसायटीचा दर सगळ्यांत कमी, आणि काम मिळालं बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याला. ज्याच्या घरी माग सोडाच, साधा चरखा नव्हता! सोसायटीचे म्हातारे अध्यक्ष, त्यांना सगळे दादा म्हणत, आतोबांच्या पेटीसमोर उकिडवे बसले. म्हणाले, "मुन्शीजी, दिवाळीपासून निम्मे माग बंद पडेल आहेत. हे काम नाही भेटलं तर पोरं नेपानगरच्या कागदाच्या मिलमधी चालली जातील. मंग माग कोण चालवीन?" आतोबा म्हणाले, "दादा, हे आता माझ्यावर सोडा आणि घरी जाऊन झोपा."

आता जे सांगतो ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. निकालाचा रजिस्टर लिफाफा पोस्टमनकडून मीच घेतला होता, पोचपावतीवर तारीख घालून सही केली होती, आणि कोटाच्या खिशात घालून त्याच दुपारी रावेरला मित्राच्या लग्नाला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी परतलो तेव्हा खिशात हात गेला. लिफाफा फाडून फेकला, आतला कागद आतोबांच्या हातात दिला आणि म्हणालो, "आजच आला." परक्या माणसाकडे ते लिफाफा मागितल्याशिवाय राहत नसत; पोस्टाचा शिक्का भिंगातून बघत. माझ्याकडे नुसतं बघितलं आणि म्हणाले, "बरं." बायकोचा भाचा, घरचा पोरगा. त्याला कसला लिफाफा मागायचा! त्यांनी बोटांच्या पेरांवर माझ्या खोट्या तारखेपासून पंधरा दिवस मोजले.

मी रोज त्यांच्या मागे लागे. आतोबा, या वेळी लवकर जाऊ, भोपाळ लांब आहे, कचेरी नवी आहे. ते हसून म्हणत, "घाबरट आहेस लेका." खरं सांगायला तोंड उघडे, पण नोकरी डोळ्यांसमोर येई आणि तोंड मिटे. शेवटी मनाची समजूत घातली की नव्या राज्यात दोन दिवस कोण मोजतं! पंधराव्या दिवशी सकाळी आम्ही भोपाळला उतरलो आणि कचेरीच्या व्हरांड्यात आत्याच्या दशम्या खात पावणेपाचपर्यंत बसलो.

आत कारकून एका खोक्यावर बसला होता आणि दुसऱ्या खोक्यावर त्याचं लिखाण चाललं होतं. माणूस भला होता. त्याने अर्ज वाचला, एक गठ्ठा सोडला आणि हळहळून म्हणाला, "मुन्शीजी, हमारा टेबल नहीं आया, मोहर नहीं आई, पंखा नहीं आया. मगर यह आ गई है." आणि त्याने पोचपावती पुढे केली. "पंद्रह दिन तो परसों पूरे हो गए."

आतोबांनी चष्मा पुसला. पावतीवरची सही वाचली. माझं अक्षर त्यांनीच घोटून घेतलेलं, ओळखायला वेळ तो काय लागणार? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग ते कारकुनाला म्हणाले, "सही बात है भाई. गिनने में मेरी भूल हुई."

परतीच्या गाडीत बसलो, खंडवा आलं. तेव्हा आतोबा म्हणाले, "सोसायटीत तू काही बोलायचं नाहीस." मी रडायला लागलो तर चिडले, "डबा भरलेला आहे, लोक बघतायत."

दुसऱ्या दिवशी इतवाऱ्यात सगळे विणकर जमले. आतोबा उभे राहिले आणि ज्या माणसाने जन्मभर तारखा मोजण्याशिवाय दुसरं काही केलं नाही, तो म्हणाला, "दिवस मोजण्यात माझी दोन दिवसांची चूक झाली." कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दादा म्हणाले, "मुन्शीजी, तुमच्याकडून? असं कसं होईन?" आतोबा म्हणाले, "झालं खरं." ते ओटा उतरताना अडखळले, तेव्हा दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "पोरा, हाताला धरून घरी घेऊन जा त्यांना. फार लागलंय त्यांच्या जिवाला." मी त्यांना हाताला धरून घरी आणलं.

वर्षाच्या आत निम्मी पोरं नेपानगरला गेली. टेंडरवाले कडुनिंबाखाली यायचे बंद झाले. आतोबा म्हातारपणी लोकांची खुशालीची पत्रं लिहून देत बसले, ज्यांना तारीख नसली तरी चालते. माझी नोकरी टिकली. ते जाईपर्यंत आमच्यात हा विषय पुन्हा निघाला नाही; मी काढू गेलो की ते पंचांग उघडून बसत.

दादाही गेले. आत्या आहे, आता तिला दिसत नाही. परवा मात्र खरं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तिच्याजवळ बसलो, तिचा हात हातात घेतला आणि आतोबांचं नाव काढलं. ती आपली हसली. म्हणाली, "फार हुशार माणूस रे. सगळ्या जन्मात एकदाच मोजायला चुकले, नाही का?"

मी "हो" म्हणालो.