शेजारीणबाईंची फुलावर आलेली झाडं

आधीच सांगून टाकते, मी गांजा ओढत नाही, कधी ओढलेला नाही, आणि डोंबिवलीत माझ्या आईला यातलं काही कळलं तर ती आठवडाभर माझा फोन उचलणार नाही. पण गांजाची पाच झाडं मी तीन आठवडे सांभाळली आहेत. त्यातल्या नऊ रात्री माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, देव जाणे.

आम्ही उइटहॉर्न नावाच्या डच गावात राहतो. भिंतीला भिंत लागून एकसारखी घरं. पलीकडच्या घरात एक डच बाई एकट्या राहतात, पंच्याहत्तरीच्या. इथे शेजारणीला नुसतं 'शेजारीण' म्हणूनच हाक मारतात, त्यामुळे इतकी वर्षं आम्ही एकमेकींना तेच म्हणतोय. त्या माझ्या कोण लागतात हे कळायला एक गोष्ट पुरे. मुलगी झाली तेव्हा आईचा व्हिसा आला नाही. बाळंतिणीच्या मदतीला इथे बाई येते, ती आठवड्याने गेली. नवऱ्याची रजा संपली. मी रडत बसले होते, तेवढ्यात या दारात उभ्या. म्हणाल्या, "बाळ इकडे दे आणि वर जाऊन झोप." असं दोन महिने, रोज दुपारी. मी मेल्यासारखी झोपायचे आणि त्या मांडीवर बाळ घेऊन शब्दकोडं सोडवायच्या. हे ऋण मी कशानं फेडणार होते?

त्यांना मात्र स्वतःला झोप नाही. नसांचा आजार आहे, रात्री पायांत असे गोळे येतात की पहाटे चारला त्या खुर्चीत येऊन बसलेल्या असतात. गोळ्यांनी पोट बिघडायचं. शेवटी स्वतः वाढवलेल्या झाडांच्या फुलांचं तेल त्या बनवायला लागल्या. रात्री जिभेखाली दोन थेंब, की पाच-सहा तास सलग झोप. त्यांच्या हाउसआर्ट्सला, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरला, सगळं ठाऊक आहे. वर्षाला पाच झाडं, त्यावर अख्खा हिवाळा निघतो. ती नाही आली तर हिवाळा खुर्चीत. आधी त्या मागच्या अंगणात लावायच्या, पण शरद ऋतूतल्या पावसानं फुलांवर बुरशी धरली, म्हणून वरच्या खोलीत कपाटाएवढा काळा तंबू, आत दिवा आणि पंखा.

गेल्या सप्टेंबरात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. नंतर तीन आठवडे ॲम्स्टेलफेनच्या एका केंद्रात व्यायामासाठी राहायचं होतं. नेमकी तेव्हाच झाडं फुलावर येत होती. किल्ली माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "सकाळी सात ते संध्याकाळी सात दिवा. तो आपोआप लागतो, आपोआप विझतो. सातनंतर अंधार. पूर्ण अंधार. रात्र मोठी झाली असं वाटलं तरच ती फुलतात."

घरी नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अगं, पाच झाडांपर्यंत इथे कोणी विचारत नाही, पण दिवे लावले की गोष्ट वेगळी. मी वाचलंय. माझं इथे राहायचं परमिट जाईल!"

"तुझी मुलगी ज्या मांडीवर वाढली ना, त्या मांडीचं काम आहे," मी म्हटलं. त्यानं किल्ली माझ्या हातातून घेतली आणि आमच्या किल्ल्यांशेजारी अडकवली.

मी रोज सकाळी मुलीला शाळेत सोडून तिकडे जायचे. खरं सांगते, मला वेड लागलं त्या झाडांचं. फुलायला लागली की आधी ती उंच होतात. रोज बोटभर, आठवड्यात सहज दीड वीत. दिव्याची साखळी वर ओढत राहावी लागते, नाहीतर शेंडे करपतात. मग पान जिथे फांदीला जोडलेलं असतं तिथे दोन पांढरे केस फुटतात, मक्याच्या कणसाला फुटतात तसे, पण कितीतरी बारीक. तीच फुलाची सुरुवात. वास कच्च्या कैरीच्या सालीचा आणि थोडा कापराचा. मुलगी म्हणाली, "आई, इट स्टिंक्स." म्हटलं, तुझ्या मोज्यांपेक्षा बरा आहे.

आता माझा पराक्रम ऐका. पहिल्याच संध्याकाळी मी त्यांची कचऱ्याची पिशवी काढायला गेले. तिन्हीसांजेची वेळ, घरात मिट्ट काळोख. ज्या घरातलं माणूस आजारी, ते घर असं दिव्याविना ठेवायचं? माझ्या जिवाला लागलं. आमच्या देव्हाऱ्यात लाल रंगाचा झिरोचा बल्ब असतो, समईजवळ कायम जळणारा. जुना एक पडला होता, तो घेऊन गेले. आणि ठेवला कुठे? तंबूत. त्या घरात झाडंच तेवढी जिवंत होती, म्हणून त्यांच्यापाशी, त्यांच्या मुळाशी. हात जोडले, बाईंचा गुडघा लवकर बरा होऊ दे म्हटलं, आणि चेन लावून घरी आले. 'पूर्ण अंधार' मला ऐकू आलं नव्हतं का? आलं होतं. पण देवाच्या दिव्याला कोणी उजेड म्हणतं का? ट्यूबलाइट म्हणजे उजेड. हा तर दिवा.

नऊ रात्री तो जळत होता.

दहाव्या दिवशी सकाळी बघते तर पांढरे केस जिथल्या तिथे थांबलेले. शेंड्याला आलेली नवी पानं वेडीवाकडी, नेहमीच्या पाच-सात बोटांऐवजी एकाच बोटाची. खालच्या फांद्यांना मुगाच्या डाळीएवढे पिवळट दाणे लोंबत होते. मी फोटो काढून पाठवला. पाच मिनिटांत बाईंचा फोन. आवाज नेहमीचा नव्हता. "झाडं घाबरली की असं करतात. ते दाणे नराचे आहेत. फुटले तर सगळ्या फुलांत बी धरेल, तेलाला काही उरणार नाही. रात्री कुठून तरी उजेड येतोय का?"

आणि मी म्हणाले, "नाही."

मला तेव्हाच कळलं होतं हो! तो लाल दिवा माझ्या पायाशीच होता. तरी जीभ 'नाही' म्हणाली. सकाळभर हाताला काम सुचेना. वरणात मीठ दोनदा पडलं. जिनं मला दोन महिने झोपवलं तिची झोप मी माझ्या हातानं मातीत घातली होती, आणि वर खोटं बोलले होते. दुपारी सायकल काढली आणि तडक ॲम्स्टेलफेन गाठलं.

त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, पाय स्टुलावर. मी कोटसुद्धा न काढता सगळं ओकून टाकलं. लाल दिवा, देव्हारा, तिन्हीसांज, नऊ रात्री, खोटं. त्यांनी डोळे मिटले. रागावल्या होत्या, मला दिसत होतं, आणि का रागावू नये? मग विचारलं, "तुमचा देव रात्री झोपत नाही का?"

मला एकदम आठवलं. झोपतो की! आजोळी देवळात रोज शेजारती व्हायची. देवाला निजवायचं, पडदा ओढायचा, मग कुणी हाकसुद्धा मारायची नाही. "झोपतो," मी म्हटलं. "आम्ही आरती म्हणून झोपवतो."

"मग दिवा बंद कर," त्या म्हणाल्या, आणि नर्सकडून कागद मागवून काय काय करायचं ते लिहायला लागल्या.

पुढचे बारा दिवस मी घड्याळजीच्या दुकानात बसल्यासारखी बसले. डोळ्याला बाईंचं भिंग, हातात भुवयांचा चिमटा. एकेक फांदी उचलायची, एकेक पिवळा दाणा फुटायच्या आधी खुडायचा, ओल्या कागदात गुंडाळायचा. एक झाड हाताबाहेर गेलं होतं, ते मुळापासून कापलं. परमिटवाल्या नवऱ्यानं तर कमालच केली. भर दुपारी दिवा विझवून तंबूत शिरला, आतून चेन लावून उकिडवा बसला आणि म्हणाला, "इथे एक भोक आहे. अजून एक. काळी टेप दे." इंजिनीअर माणूस, एकदा कामाला लागला की परमिटबिरमिट विसरतो. त्या दिवशी मला त्याचं फार प्रेम आलं, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

सहाव्या दिवशी एका शेंड्यावर नवे पांढरे केस दिसले. मी चष्मा पुसून परत पाहिलं. आठव्या दिवशी चारही झाडांवर. पिवळा दाणा एकही नाही. मी तिथेच जमिनीवर बसले आणि मोठ्यानं "आई गं" म्हटलं.

बाई घरी आल्या तेव्हा एकेका पायरीवर बसत वर चढल्या, तंबू उघडून एकेका झाडाला बोट लावत गेल्या. "चार," एवढंच म्हणाल्या. नोव्हेंबरात फुलं कापली, वाळवली, तेल झालं. दरवर्षीसारखा गुण येईल की नाही हे त्यांनाही सांगता येईना. मी विचारलं की त्या खांदे उडवायच्या. मीही मग विचारणं सोडलं, पण मनातून काही जाईना.

जानेवारीतली गोष्ट. त्यांच्या स्वयंपाकघराचा पडदा रोज सहाच्या आत उघडा असतो, आणि त्या दिवशी मुलीला शाळेत सोडून आले तरी बंदच. नऊ वाजले. सव्वानऊ वाजले. बेल दाबली, उत्तर नाही. किल्लीनं दार उघडलं आणि जिन्याखालून जीव खाऊन हाका मारल्या.

वर दार उघडलं. बाई रात्रीच्या झग्यात, केस पिंजारलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. "आग लागली आहे का?"

"नाही, पण पडदा..."

"मग घरी जा ना! मी झोपले होते." आणि दार धाडकन लावून घेतलं.

मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आणि तोंडावर ओढणी धरून रडले, आवाज वर जाऊ नये म्हणून. मला कुणी घरातून हाकलून दिलं आणि त्याचा इतका आनंद झाला, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.