कॉम्प्युटरचं झबलं

आमच्या घरचा कॉम्प्युटर इतका संथ झाला होता, की बटण दाबून मी आंघोळ उरकून यायचो, तरी स्क्रीनवरचं चक्र फिरतच असायचं. आधीच मला राग लवकर येतो. एका रविवारी मोबाईलवर व्हिडिओ लावून मीच दुरुस्तीला बसलो. चालू होताच आपोआप उघडणारे नको ते प्रोग्राम बंद केले, जुने सिनेमे पुसून टाकले. गाडी जरा हलली, पण थोड्याच वेळात पुन्हा रखडली आणि टेबलाखाली पंखा घरघरायला लागला.

वाकून सीपीयूला हात लावला, तर तो तव्यासारखा तापलेला, आणि अंगात आईनं शिवलेलं झालरीचं कव्हर! आमच्या मावला गावात घराजवळच कापसातली सरकी काढायचं जिनिंग आहे. हंगामात कापसाचा भुरा घरभर उडतो, म्हणून आमच्याकडे टीव्ही, मिक्सर, सगळ्यांना कपडे. याची तर हवेची जाळीसुद्धा झाकलेली होती.

"आई, जीव गुदमरून राह्यला त्याचा!" मी ओरडलो.

"मंग आधी सांगाचं नाही का बापा!" म्हणत तिनं कव्हर काढलं.

पंखा शांत झाला, कॉम्प्युटर पळायला लागला. मी दोन-चार जणांना फोन करून फुशारकीही मारली.

संध्याकाळी इंटरनेट अडकायला लागलं, म्हणून राउटर पाहिला. त्याच्या अंगात तेच कव्हर होतं, मापाला बारीक करून शिवलेलं. अँटेना बाहेर निघाव्यात म्हणून आईनं दोन काजंही केली होती.